गंगथडीच्या ग्रामसभांना खुलं पत्र: काठाची पायवाट आपणच मोकळी करू या

पैठणपासून नांदेडपर्यंत गोदावरीच्या दोन्ही थड्यांवरच्या गावांचे सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, बचत गटातल्या ताया आणि सगळे गावकरी यांना,

राम राम.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक विषय घ्या, एवढ्यासाठी हे पत्र लिहितोय. आपल्या गावच्या वरच्या शिवेपासून खालच्या शिवेपर्यंत, गंगेच्या काठाकाठानं, माणसाला पायी चालता येईल अशी वाट मोकळी करायची आणि ती गावानंच राखायची. प्रत्येक गावानं आपापला तुकडा केला तर पैठणहून निघालेला माणूस नदी न सोडता नांदेडला पोचेल. त्यासाठी मोठा प्रकल्प नको, सल्लागार कंपनी नको, भूसंपादन तर अजिबात नको. ग्रामसभेचा ठराव, थोडं श्रमदान, काही दगड आणि शेजारच्या गावाशी एक बैठक, इतक्यावर हे काम उभं राहतं.

मी काठचाच शेतकरी आहे. माझी जमीन जालना जिल्ह्यात, समोरची थडी बीड जिल्ह्यात. त्यामुळे लिहितोय ते रोजच्या बघण्यातलं आहे.

ही वाट नवी नाही. आपल्या आज्या काठानंच माहेरी जायच्या. आठवडी बाजार, जत्रा, सोयरिकी, सगळं नदीच्या कडेकडेनं व्हायचं, कारण तिथं सावली होती आणि प्यायला पाणी होतं. ग्रामपंचायतीनं आपला गाव नकाशा काढून भिंतीवर लावावा. त्यात दोन तुटक रेषा शेजारी शेजारी दिसतात ती गाडीवाट, आणि एकच तुटक रेष दिसते ती पायवाट. आमच्या नकाशावर अशी एकेरी रेष नदीकडे उतरते आणि काठानं पुढे जाते. आज त्या रेषेवर ऊस आहे, वेडी बाभूळ आहे, बेशरम आहे. रेष मात्र सरकारी कागदावर अजून जिवंत आहे.

आणि चालणारे तर आजही आहेत. एकनाथ महाराजांनी 1599 साली पैठणला जलसमाधी घेतली. त्या फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, आपल्याच गावांमधून दिंड्या निघतात. माळकरी म्हातारे, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, पताका धरलेली पोरं, सगळी डांबरी रस्त्याच्या कडेनं चालतात. शेजारून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. रस्ता चौपदरी झाला तसा चालणारा माणूस अजून कडेला गेला. शहागडच्या पुलावर सोलापूर-धुळे महामार्गाची वाहनं कशी येतात ते ज्यांनी पायी पूल ओलांडलाय त्यांना विचारा. नदी तिथून हाकेच्या अंतरावर वाहते आणि तिच्या काठानं चालायला पाऊल ठेवण्यापुरती जागा नाही, हे मला पटत नाही.

या काठावर चालायला कारणंही किती आहेत! पैठणच्या खाली आपेगाव, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव. गेवराई तालुक्यात महानुभावांचं पांचाळेश्वर आणि शनीचं राक्षसभुवन. त्याच राक्षसभुवनला 1763 मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरी, तिथं अधिक मासात पाय ठेवायला जागा नसते, आणि मोरेश्वराचं गंगामसला. काठापासून थोडं आत समर्थांचं जांब. पुढे जनाबाईंचं गंगाखेड, आणि शेवटी नांदेडचे घाट, जिथं गुरू गोविंदसिंगजी 1708 साली आले. महानुभाव, वारकरी, समर्थ संप्रदायी आणि शीख, सगळ्यांची ठिकाणं एका नदीच्या काठावर आहेत आणि त्यांना जोडणारी पायवाट नाही.

काठ बदलला त्याचं एक कारण पाणी. 1976 मध्ये नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण, पूर्ण झाला, आणि नंतरच्या काळात खाली बंधाऱ्यांची रांग उभी राहिली: आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल, डिग्रस. या बंधाऱ्यांनी आपल्याला पाणी दिलं, माझा ऊसही त्याच पाण्यावर उभा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पावसाळा सरता सरता दारं पडली की पाणी ओढ्या-नाल्यांत मागे शिरतं आणि जुन्या वाटा पाण्याखाली जातात. ज्या नाल्यात गुडघाभर पाणी असायचं तो आता दिवाळीनंतर दोन पुरुष खोल असतो. म्हणून वाट आखायची तर ती उन्हाळ्यात नदी आटल्यावर आखून चालणार नाही. बंधारा भरल्यावर, कार्तिकात, पाणी कुठपर्यंत येतं ते पाहून खुणा करायच्या. 2 ऑक्टोबरला ठराव करा असं म्हणतोय ते यासाठीच. दिवाळीत खुणा, मार्गशीर्ष-पौषात काम, आणि नाथषष्ठीला पहिली दिंडी काठानं.

दुसरं कारण वाळू. इथं मला जरा सविस्तर लिहू द्या.

लहानपणी चैत्रात नदी आटली की आई मला घेऊन वाळवंटात जायची. हातानं वाळू उकरून झिरा करायची, हातभर खोल. आधी गढूळ पाणी यायचं, ते ती वाटीनं बाहेर टाकायची, पुन्हा भरू द्यायची, पुन्हा टाकायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी तळाची वाळू स्वच्छ दिसायला लागली की मग घागर भरायची. ते पाणी माठातल्यापेक्षा गार असायचं. त्याच वाळवंटात भोयांच्या टरबूज-खरबुजाच्या वाड्या असायच्या. वाळू उन्हापासून पाणी झाकून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू पाझर देत राहते. वाळू उपसली की खाली उरते चिकणमाती नाहीतर कातळ, त्यावर पाणी साचतं ते डबक्यात, आणि उन्हानं उडून जातं. मग बंधारा भरलेला असताना विहीर भरलेली, बंधारा उतरला की विहीर कोरडी, असा प्रकार सुरू होतो. वाळू होती तेव्हा मधले दोन-तीन महिने ती विहीर निभावून न्यायची.

आता रात्री केनी (पात्रातली वाळू ओढून काढायचं यंत्र) लावून, तराफे घालून वाळू काढतात. हायवा, म्हणजे वाळूचे मोठे टिप्पर, येतात त्या दिवे बंद करून. उपशानं नदीत जे खड्डे पडतात ते पाण्यात दिसत नाहीत. वरून पाणी मांडीभर वाटतं, एक पाऊल पुढे टाकलं की तळ लागत नाही. अशा खड्ड्यांत आपल्या भागात लेकरं गेली आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या काठाला उतरतात, आई-बाप फडात आणि लेकरं पाण्यावर, त्यांना तर नदीची काहीच माहिती नसते. शिवाय खालून वाळू गेली की वरची थडी ढासळते. दर पावसाळ्यात बांधाचा एखादा तुकडा, त्यावरच्या करंजासकट, नदीत जातो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं, पायाखालची जमीन मात्र कमी होते.

महसूलचं पथक तालुक्याहून निघेपर्यंत इकडे फोन आलेला असतो. आणि नदीच जिल्ह्याची हद्द. अलीकडून कारवाई झाली की यंत्रं पलीकडे जातात, पलीकडचे आले की अलीकडे. कोण कुणाला सामील आहे याच्यात मी जात नाही. मला एवढंच कळतं की हे सगळं ओसाड काठावर चालतं. जिथं घाट आहे, देऊळ आहे, बाया धुणं धुतात, तिथं केनी लागत नाही. तिला माणूस नको असतो. सकाळ-संध्याकाळ शाळेची पोरं, शेतकरी, देवाला जाणारे, फिरायला निघालेले म्हातारे एखाद्या काठानं ये-जा करायला लागले की ताजा खड्डा, टायरच्या ताज्या खुणा त्याच दिवशी गावात कळतात. फोटो निघतो, तारीख पडते, ग्रामसभेत प्रश्न येतो. चौकी आणि पहारेकरी कायमचे ठेवणं कुणालाच परवडणारं नाही. चालणारी माणसं फुकट मिळतात.

म्हणूनच माझा सगळ्यात मोठा आग्रह रुंदीबद्दल आहे. वाट चार फुटांच्या वर नको. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील, सायकल जाईल, एखादी शेळी हाकता येईल, बस. उत्साहाच्या भरात कुणी म्हणेल, करायचंच आहे तर दहा-बारा फुटी मुरमाचा रस्ता करू, गाडी पण जाईल. तसं केलंत तर आपण वाळूवाल्यांना पक्का रस्ता बांधून दिला असं होईल आणि पुढच्या अमावस्येला त्यावरून पहिली हायवा जाईल. दर शिवेवर, आणि जिथं जिथं गाडीवाट येऊन मिळते तिथं, कमरेएवढे दगडी खुंट दीड-दीड फुटावर पक्के रोवायचे. सायकल तिरकी करून निघते, ट्रॅक्टर निघत नाही.

काठच्या शेतकऱ्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात ते आहे. पहिली भीती जमिनीची: आज पायवाट म्हणाल, उद्या सरकार रस्ता म्हणेल, परवा मोजणी येईल. त्यावर उपाय ठरावातच लिहायचा. वाट होता होईल तो नदीच्या हद्दीतून आणि पोटखराब्यातून, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जागेतून, न्यायची, जिथं खातेदाराच्या जमिनीतून जाईल तिथं त्याच्या लेखी संमतीनं, आणि थडी ढासळली किंवा अडचण आली तर त्याच्याशी बोलून ती सरकवायची. दुसरी भीती मोटारींची. काठावर येऊन बघा: वेड्या बाभळीला बांधलेली स्टार्टरची पेटी, अर्धी उघडी, वायरीच्या जोडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, आणि तिथून पाण्यात उतरलेली केबल गवतात लपलेली. अशा जागेतून शाळेची पोरं कशी चालवायची? चालवायची नाहीतच, आधी ते नीट करायचं. केबल पाइपातून घालून वाटेखाली हातभर गाडायची, पेटी उंच आणि बंद ठेवायची. हा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालू नका, ग्रामपंचायतीनं पाइप द्यावा. आणि चोरीचं म्हणाल तर केबल आणि स्टार्टर आज जातातच की, आणि जातात ते कुणी फिरकत नाही अशाच काठावरून.

तिसरी गोष्ट बायांची. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मध्ये चार फुटी वाट, अशा वाटेनं माझी लेक संध्याकाळी चालणार नाही आणि मी तिला चाल म्हणणारही नाही. उसाची पहिली सरी वाटेपासून निदान पाच हात मागे असावी. जिथं शेतकरी तेवढं सोडू शकत नाही तिथं वाट नदीच्या अंगाला उतरवावी. वाटेवर कुठं काय हवं हे बायांना बरोबर घेऊन काठ फिरल्याशिवाय ठरवू नका. धुण्याची दगडं कुठं आहेत, कुठली पायरी शेवाळानं घसरते, कुठल्या वळणावर थांबायला नको वाटतं, हे त्या सांगतील. आमच्याकडच्या बचत गटाचं म्हणणं असं की दिंडीच्या आणि अधिक मासाच्या दिवसांत पिठलं-भाकरीची सोय त्या करतील, योग्य पैसे घेऊन. नर्मदेच्या परिक्रमेत काठची गावं चालणाऱ्याला उपाशी जाऊ देत नाहीत. तिकडे सरदार सरोवराच्या पाण्यात जुन्या वाटा गेल्या तरी गावकरी नवी वाट दाखवतात आणि परिक्रमा सुरू आहे. तिथं जे माणसांनी राखलंय ते आपल्यालाही राखता येईल.

बांधकामाबद्दल थोडक्यात. पेव्हर ब्लॉक नकोत, रेलिंग नको, सेल्फी पॉइंट नको, काँक्रीटची भिंत तर नकोच. 2006 च्या ऑगस्टमध्ये नाथसागराचे दरवाजे उघडले तेव्हा पाणी कुठवर आलं ते पैठण आणि नांदेडच्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यानं काय पाहिलं ते तर अजून शेतातल्या खरवडलेल्या मातीत दिसतं. ही वाट पुरात बुडणारच. पूर ओसरला की वर बोटभर गाळ असेल, एखादा खुंट पडलेला असेल, गाव जाऊन नीट करेल. काँक्रीट केलं तर पूर ते उखडून नेईल आणि दुरुस्तीसाठी आपण निधीची वाट बघत बसू. काळ्या मातीत पावसाळ्यात चप्पल रुतून बसते हे खरं, म्हणून तेवढ्या पट्ट्यात मुरूम अंथरायचा. ओढ्यावर छोटी फरशी. जिथं बंधाऱ्याचं मागचं पाणी नाल्यात लांबवर शिरतं तिथं हट्ट सोडून शिवरस्त्यानं वळसा घ्यायचा. झाडं लावायची ती इथलीच: करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. थडीच्या अगदी धारेवर झाड नको, तिथं वाळा लावा, त्याची मुळं माती धरून ठेवतात.

निधीचं बघू. पाणंद रस्त्यांची कामं रोजगार हमीतून झालेली आहेत, त्यात मुरूम आणि फरशी बसवता येईल का हे पंचायत समितीला लेखी विचारा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि नांदेड या पाचही जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि विभागीय आयुक्तांकडे एकच मागणी जावी असं मला वाटतं: काठच्या गावांना नदीची हद्द दाखवून द्या आणि हद्दीच्या खुणा सरकारी खर्चानं रोवा. नदीचं पात्र शासनाचं आहे, महसूल अधिनियमच तसं म्हणतो. मग ते कुठं संपतं हे गावाला दाखवायला हरकत नसावी. एवढं झालं तरी अर्ध्या भानगडी मिटतील. बाकी कामासाठी त्यांच्या मंजुरीची वाट बघत थांबू नका.

सगळी गावं एकदम तयार होणार नाहीत. जिथं वाळूत गावातल्याच वजनदार माणसांचा हात आहे तिथं हा विषय ग्रामसभेत काढणंही सोपं नाही, मला माहीत आहे. अशा गावातल्या लोकांनी एकट्यानं पुढे होऊन वैर घेऊ नये. वरच्या आणि खालच्या गावाची वाट झाली की मधल्या तुकड्याची चर्चा आपोआप होते, चालणारे विचारतातच. सुरुवात देवस्थानं असलेल्या आणि जवळ शाळा असलेल्या गावांनी करावी.

ठरावाचा मजकूर असा ठेवता येईल, गरजेप्रमाणे बदला:

“गोदावरी नदीच्या काठाने गावाच्या दोन्ही शिवांदरम्यान पायी चालण्यासाठी वाट मोकळी करण्यात यावी. वाटेची रुंदी चार फुटांपेक्षा अधिक असू नये. या वाटेवर ट्रॅक्टर, टिप्पर, हायवा व इतर मोटार वाहनांस मनाई राहील व त्यासाठी दगडी खुंट रोवण्यात यावेत. खातेदाराच्या जमिनीतून वाट जात असल्यास त्याची लेखी संमती घ्यावी; या वाटेमुळे त्याच्या मालकी हक्कास बाधा येणार नाही. वाटेची आखणी बंधारा पूर्ण भरल्यानंतर, किमान निम्म्या महिला असलेल्या समितीने प्रत्यक्ष काठ फिरून करावी. काठावर नवीन उपसा, खड्डा किंवा वाहनांच्या खुणा आढळल्यास समितीने त्याची नोंद वहीत घ्यावी व ती वही प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावी.”

ठराव झाला की प्रत तहसीलदारांकडे जाईलच. आणखी एक प्रत पलीकडच्या थडीच्या सरपंचांना हातोहात नेऊन द्या, पोस्टानं पाठवू नका. दोन्ही थड्यांच्या समित्यांचे फोन नंबर एकमेकांकडे असू द्या, म्हणजे अलीकडून पळालेली केनी पलीकडे पोचायच्या आत तिकडच्या माणसांना कळेल.

आपला,
गंगथडीचा एक शेतकरी
तालुका घनसावंगी, जिल्हा जालना